लोलाचा रुसवा कसा काढू?

पत्र

ताई,

मी २२ वर्षांची आहे. ऑगस्टपासून फिलिपिन्समध्ये लगुना प्रांतातल्या एका गावात वर्षभराच्या मिशनकार्यासाठी आले आहे. चर्चने माझी राहायची सोय एका कुटुंबात केली आहे. घरात एक आजी आहेत, त्यांना सगळे लोला म्हणतात. गेल्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी दिनुगुआन केलं आणि पहिली वाटी मला दिली. ते डुकराच्या रक्तातलं कालवण आहे हे कळल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना. पोट दुखतंय असं सांगून मी उठले. रात्री भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात बिस्किटं खात होते, तेवढ्यात लोला पाणी प्यायला आल्या. त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. माझं ताट मात्र रोज झाकून ठेवतात.

आता नाताळ आला. २४ तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) नोचे बुएना म्हणून मोठं जेवण असतं. तेव्हा पानात काय येईल या विचारानेच मला धडकी भरते. घरातली मुलं तर बालुट, म्हणजे आत पिल्लू असलेलं बदकाचं उकडलेलं अंडं, खायला लावणार म्हणून आत्तापासूनच चिडवतात. येशूने शिष्यांना समोर वाढतील ते खा असं सांगितलं होतं ना? मग मी कसली मिशनरी?

आणखी एक. इथे १ सप्टेंबरपासून नाताळची गाणी सुरू होतात. प्रत्येक गाण्याला मला रडू येतं. घरापासून लांब हा माझा पहिलाच नाताळ. मला खरंच देवाचं पाचारण होतं, की मी उगाच आले?

— एक वाचक, लगुना

उत्तर

पोरी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘माझं ताट मात्र रोज झाकून ठेवतात.’ बोलणं बंद आहे, पण ताट झाकलेलं आहे. याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. लोला रुसल्या आहेत.

त्यांच्या भाषेतही याला शब्द आहे, तांपो. मी तरुणपणी तुझ्या शेजारच्याच क्वेझोन प्रांतात दोन वर्षं मिशनच्या कामावर होते. तिथल्या बायका हा शब्द नेहमी वापरायच्या. मला तो कुणी समजावून सांगावा लागला नाही, कारण तो थेट आपला रुसवा आहे. राग कुणावरही येतो. रुसवा फक्त आपल्या माणसावर धरतात. बाजारात कुणी फसवलं तर लोला भांडतील, त्याच्यावर रुसणार नाहीत. तुझ्यावर रुसल्या, म्हणजे चार महिन्यांत तू त्यांच्या हिशेबी पाहुणी राहिली नाहीस. आणि रुसवा काढायचा असतो हेही तिथे ठरलेलं आहे. लाडीगोडी लावून, जवळ बसून मनवण्याला ते लांबिंग म्हणतात. लोला त्याचीच वाट बघत आहेत. तू मात्र त्या रागावल्या असं समजून लांब लांब राहतेस, आणि दोघींच्या मधलं अंतर रोज वाढतंय.

आता त्यांना नेमकं काय लागलं ते बघू. दिनुगुआन खाल्लं नाहीस, याचं त्यांना फारसं वाटलं नसावं. त्या देशात ते न खाणारी माणसं पुष्कळ आहेत. १९१४ मध्ये तिथेच स्थापन झालेला इग्लेसिया नी क्रिस्तो हा ख्रिस्ती पंथ आहे, त्याचे लोक रक्ताचा कोणताही पदार्थ खात नाहीत. असा शेजारी जेवायला आला की यजमानीण मुकाट्याने दुसरं कालवण पुढे करते. परदेशी पाहुणा बिचकेल म्हणून तिथले लोक याच पदार्थाला ‘चॉकलेट मीट’ म्हणून वाढतात, इतकं त्यांना हे माहीत आहे. लागलं ते पोटदुखीचं. त्यांनी तुझी काळजी केली असणार. कदाचित आल्याचा काढा उकळायलाही ठेवला असेल. आणि मग तू अंधारात बिस्किटं खाताना दिसलीस. तू नाही म्हणालीस याचं दुःख एका दिवसात गेलं असतं. आपल्याशी खोटं बोलावं लागलं, इतकं हिला आपलं परकं वाटतं, हे त्यांच्या मनातून जात नाहीये.

म्हणून पहिलं काम खरं सांगायचं. पण ते जेवणाच्या टेबलावर, चार माणसांत नको. स्वयंपाकघरात सांग.

तुमच्या घरी कुडकुरान असेल. लाकडाचं बुटकं बसणं आणि पुढे दातेरी लोखंडी पातं. आपल्या खवणीची सख्खी बहीणच. डिसेंबरमध्ये तिथे नारळ लागतच राहतो. लोला खवायला बसल्या की तू जा आणि म्हण, मी खवते. माझ्या लोलाने (माझ्याही नशिबी एक लोला होत्या) मला पहिल्यांदा कुडकुरानवर बसवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मी वाटी दाबून दाबून खवत होते आणि करवंटीचं तपकिरी खाली पडत होतं. त्यांनी मागून येऊन माझ्या मनगटाखाली आपला हात ठेवला आणि वाटी नुसती फिरवली. पांढराशुभ्र कीस खाली पडायला लागला. मला त्यांची भाषा तेव्हा धड येत नव्हती, त्यांना माझी तर कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या दिवसापासून आमचं जमलं. हात कामात असले की अवघड बोलणं सोपं होतं, एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. तिथेच सांग की त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं, मला रक्ताच्या कालवणाची भीती वाटली आणि तसं सांगायला लाज वाटली. भाषा अपुरी पडली तर घरातल्या मोठ्या मुलीला मध्ये घे. त्या कदाचित हसतील, कदाचित डोळे पुसतील. काहीही झालं तरी तू तिथून उठू नकोस, नारळ संपेपर्यंत खवत बस.

हे नाताळच्या आधी करायची घाई आहे, त्याला कारण आहे. नाताळला खेड्यात डुक्कर कापतात, आख्खं भाजून लेचोन करतात. कापलेल्या जनावराचं काही वाया घालवत नाहीत, त्यामुळे रक्त आणि आतडी-काळजाचं दिनुगुआन त्याच दिवशी पुन्हा शिजण्याची बरीच शक्यता आहे. ती वाटी पुन्हा तुझ्यापुढे यायच्या आत लोलांना खरं माहीत असू दे.

आता तुझ्या श्रद्धेच्या प्रश्नाकडे येते. समोर वाढतील ते खा, हे वचन लूकच्या दहाव्या अध्यायातलं. येशू बहात्तर शिष्यांना गावोगाव पाठवतो. थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. ज्या घरात घेतील तिथेच राहा, ते देतील ते खा-प्या, आणि हे घर सोडून त्या घरी जाऊ नका. शेवटचा भाग आपण वाचताना गाळतो. मला वाटतं सगळा अर्थ तिथे आहे. गरिबाने भाकरी वाढली आणि पलीकडच्या घरी मेजवानी आहे म्हणून पाहुणा उठून गेला, असं होऊ नये यासाठी ते सांगणं आहे. यजमानांची प्रतवारी लावू नका. जिभेची परीक्षा घेण्यासाठी ते वचन नाही. तू लोलांचं घर सोडून चांगल्या जेवणाच्या घरी गेली नाहीस. तू एक पदार्थ खाऊ शकली नाहीस, इतकंच.

शिवाय रक्ताचा प्रश्न पहिल्या मंडळीलाही पडला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात जेरुसलेमची सभा विदेशी विश्वासणाऱ्यांना रक्त वर्ज्य करायला सांगते. लोलांसारखे कॅथलिक आज तो नियम त्यांच्यावर बंधनकारक मानत नाहीत, इग्लेसिया नी क्रिस्तोचे लोक मानतात, आणि दोन्ही घरांत येशूच्या नावाने जेवणाआधी प्रार्थना होते. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये असं सांगितलं आहे. यातला दुसरा अर्धा तुझ्यासाठी आहे. न खाण्याची मुभा तुला आहे, तोंड वेडंवाकडं करण्याची नाही.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला, देश बदलला, पण मांस-अंडं त्यांनी घेतलं नाही. त्यावरून त्यांना बोलणीही ऐकावी लागली, तरी त्या शाकाहारीच राहिल्या. त्या बाईंच्या श्रद्धेत यामुळे काही कमी पडलं असं म्हणायची कुणाची छाती आहे? ताटातल्या एका पदार्थावरून स्वतःचं पाचारण मोजू नकोस.

तरीही मी तुला चव घेऊन बघ असंच सांगेन, आणि हे मनापासून सांगते. जिथे वर्ज्याचा किंवा तब्येतीचा प्रश्न नाही, फक्त सवयीचा आहे, तिथे एक घास घे. ‘तिकिम लांग पो’ हे तीन शब्द पाठ कर, ‘फक्त चव घेते’ असा त्याचा अर्थ. पो हा आदरार्थी शब्द आहे, वडीलधाऱ्यांशी बोलताना तो विसरू नकोस. एका घासाने यजमानाचा मान राहतो आणि पुढचं कुणी लादत नाही. पोट भरलं की ‘बुसोग ना पो आको’. एखादी गोष्ट तुला खरोखर चालत नसेल, मासळीची ॲलर्जी असेल किंवा धर्माचं बंधन असेल, तर ‘बावाल पो सा आकिन’ म्हण. बावाल म्हणजे वर्ज्य. हा शब्द ऐकला की तिथे वाद होत नाही. पण जे नुसतं आवडत नाही त्याला बावाल म्हणू नकोस, नाहीतर पुन्हा पोटदुखीचाच प्रकार होईल.

आणखी एक सोय तिथल्या जेवणातच आहे, ती अजून तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. टेबलावर व्हिनेगर, कालामान्सीचं लिंबू, मिरची, माशाचं खारं पाणी असं मांडलेलं असतं. प्रत्येक जण आपल्या वाटीत आपल्याला हवं तसं मिसळतो. त्याला सावसावान म्हणतात. रांधणारीने केलेली चव पाहुण्याने बदलली म्हणून तिथे कुणी दुखावत नाही, ती बदलायचीच असते. पहिले सहा महिने मी कालामान्सी आणि मिरचीच्या जोरावर काढले. खाऱ्या कोळंबीच्या बागूंगचा वासही मला सहन होत नसे. हिरव्या आंबट आंब्याच्या फोडीला टोकावर जरासा लावून खाल्ला, आणि पुढे बागूंग नसला तर मला आंबा फिका लागू लागला.

बालुटची भीती मात्र सोडून दे. नोचे बुएनाच्या टेबलावर बालुट कुणी मांडत नाही. ते संध्याकाळनंतर रस्त्यावर मिळणारं खाणं आहे. विकणारा टोपलीत फडक्याखाली अंडी गरम ठेवतो आणि ‘बालूऽऽट’ अशी लांब हाळी देत गल्लीतून जातो. बदकाचं फलित अंडं, साधारण १६ ते १८ दिवस उबवलेलं आणि मग उकडलेलं. तुझा लगुना तर बदकांसाठीच प्रसिद्ध आहे, म्हणून मुलांना एवढा चेव. मुलांनी आग्रह केलाच तर आधी पेनॉय माग, त्यात पिल्लू नसतं. पुढे जायचं असेल तर बालुटच्या जाड टोकाला टिचकी मारून छोटं भोक पाड, मिठाची चिमूट टाक आणि आतलं गरम पाणी ओठ लावून ओढून घे. चांगल्या कोंबडीच्या सूपसारखं लागतं. मी तेवढंच केलं होतं, अंधारात, एका पुलाच्या कठड्याला टेकून. उरलेलं माझ्या सोबतिणीने खाल्लं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय संपला.

नोचे बुएनाला पानात काय येईल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू दचकणार नाहीस. हॅम, लाल मेणात गुंडाळलेलं गोल चीज, पान्सित म्हणजे शेवया, लुंपिया म्हणजे सारण भरलेल्या गुंडाळ्या, कंडेन्स्ड मिल्कमधली फळं. आणि स्पॅगेटी, जी गोड असते, त्यात सॉसेजचे काप असतात. केळ्याच्या केचपमुळे ती गोडी येते. टोमॅटोच्या टंचाईवर तोडगा म्हणून हे केचप शोधल्याचं श्रेय मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नतंत्रज्ञ बाईंना देतात. मनिलाच्या लढाईत १९४५ मध्ये त्या गेल्या. मुलं त्या स्पॅगेटीवर तुटून पडतात. तुला ती आवडेलच असं नाही, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आणि त्या रात्रीसाठी तूही एक पदार्थ कर, तुझ्या घरचा. मी केला होता. माझ्या लोलांनी एक चमचा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, खूप तिखट आहे, मला नाही जमणार. मला जराही वाईट वाटलं नाही. उलट त्या इतक्या सरळ बोलल्या म्हणून मला त्या जास्त जवळच्या वाटल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हाच सरळपणा मी वर्षभर त्यांच्यापासून लपवत होते.

राहिलं रडणं. त्याबद्दल मी तुला गप्प बस म्हणणार नाही. घरची आठवण येते म्हणजे पाचारण नव्हतं, हे कुणी तुझ्या डोक्यात घातलं? ज्या घरातून निघालीस तिथे माया होती, म्हणून रडू येतं. मी पहिल्या नाताळला पहाटेच्या मिस्सात सगळ्यांदेखत रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता आपला पंखा माझ्या हातात दिला. तू रड, पण खोलीत दार लावून एकटी रडू नकोस.

त्यासाठी सिंबांग गाबी सोडू नकोस. १६ ते २४ डिसेंबर, सलग नऊ पहाटे मिस्सा. शेतकऱ्यांना उजाडायच्या आत रानात जायचं असे, म्हणून ती पहाटे ठेवली गेली असं तिथे सांगतात. चारच्या सुमारास लोक अंधारात चालत निघतात. खिडक्या-खिडक्यांत बांबूच्या काड्यांचे, कागदाचे पारोल म्हणजे कंदील लागलेले असतात, बेथलेहेमच्या ताऱ्याच्या आठवणीने. मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर बिबिंका मिळते. केळीच्या पानावर तांदळाचं पीठ, खाली निखारे, वर निखारे, त्यावर खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा काप, लोणी, साखर आणि खवलेलं खोबरं. पान करपल्याचा वास येतो आणि बोटं भाजतात. सोबत सालाबात, म्हणजे आल्याचा गरम चहा. नऊ पहाटे लोलांच्या सोबत चाल. त्यांचा हात धर, रस्त्यात अंधार असतो. घरी बसून गाणी ऐकलीस तर ती टोचतील. त्याच गाण्यांच्या आवाजात चार माणसांबरोबर चालताना ती वेगळी ऐकू येतात.

फोनचं आधी ठरव. तुझे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा घरी साडेनऊ वाजलेले असतात. बाराच्या ठोक्याला, सगळे टेबलाशी जमलेले असताना कोपऱ्यात फोन घेऊन बसू नकोस. तिकडचं जेवणही जाईल आणि घरचेही तुला रडताना बघतील. तुझ्या अडीचला घरी बारा वाजतात. जेवण झालं, भांडी आवरली, की तेव्हा फोन कर आणि लोलांना शेजारी बसवून आईला दाखव. आमच्या वेळी महिन्यातून एक पत्र पोचायचं. ही सोय मला मिळाली असती, तर माझ्या आईने माझ्या लोलांना एकदा तरी पाहिलं असतं.

२५ च्या दुपारसाठीही काहीतरी योजून ठेव. सगळे जागरणाने झोपलेले असतात, पंखा फिरत असतो आणि तेव्हा घर फार आठवतं. त्या दिवशी मुलं घरोघरी जातात, मोठ्यांचा हात कपाळाला लावून ‘मानो पो’ म्हणतात आणि धर्म-आईबापांकडून नव्या नोटा मिळवतात. त्यांच्या बरोबर जा.

आणि ‘मानो पो’ची सुरुवात घरातूनच कर. लोला उठल्या की त्यांचा हात आपल्या कपाळाला लाव. चार महिन्यांत हे केलं असशील, तर रुसवा आल्यापासून कदाचित थांबवलं असशील. पहिल्या मिस्साच्या आदल्या दिवशी, १५ तारखेला, पिठात घालायला नारळ लागेलच. कुडकुरान कोणत्या कोपऱ्यात ठेवलंय ते आज बघून ठेव.

तुझी,
ताई